काटा अडतो तेव्हा

पहिल्या महिन्यात तीन किलो, दुसऱ्यात दीड, तिसऱ्यात जेमतेम पाऊण. मग काहीच नाही. गुढीपाडव्याला सुरुवात केलेली असते आणि आषाढ लागेपर्यंत वजनकाटा एका आकड्यावर जो बसतो तो हलायचं नाव घेत नाही. साखर बंद आहे, भात अर्ध्यावर आलाय, सकाळचं चालणं चुकत नाही, तरी आकडा तोच. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला या टप्प्यावर ठरावीक वाक्यं ऐकू येतात. ‘या वयात नाही हो उतरत आता.’ ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझमच मंदावतं.’ आणि सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य बहुतेक वेळा आपणच आपल्याला ऐकवतो: ‘आपण कायमचे आरंभशूर.’

हे शेवटचं वाक्य चुकीचं आहे आणि त्याने लोकांचं खरोखर नुकसान होतं, असं मला वाटतं. काटा अडल्यामुळे जेवढी माणसं मागे फिरतात, त्यातल्या पुष्कळांनी कमावलेलं त्यांना दिसलेलंच नसतं.

आधी आलेखाविषयी. वजन उतरण्याचा आलेख सरळ रेषेत जाईल ही अपेक्षा एका जुन्या हिशेबातून आली आहे. १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी एक पौंड वजनामागे ३,५०० कॅलरी असं गणित मांडलं. त्यावरून ‘रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल’ हा नियम जगभर पसरला. हा नियम अखंड लागू पडला असता तर ७० किलोचा माणूस तीन वर्षांच्या आत शून्यावर आला असता. तसं कधी होत नाही, कारण शरीर प्रत्येक उतरलेल्या किलोनंतर आपला जमाखर्च नव्याने मांडतं. शिवाय पहिल्या पंधरवड्यातली घसरण बरीचशी पाण्याची असते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. आहार कमी केला की हा साठा आटतो, पाणी बाहेर पडतं आणि काटा झरझर खाली येतो. त्या पंधरवड्याचा वेग हाच आपला खरा वेग, असं मन धरून बसतं.

काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते: दिवसातून दोनदाच जेवा असं सांगणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, आणि थोडं थोडं पण वेळेवर, आपल्या मातीतलं खा असं सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर. लग्नाच्या पंगतीतही या दोघांवरून वाद झाले. त्या वादात एक गोष्ट हरवली. कोणत्याही वाटेने गेलं तरी सपाटीचा टप्पा लागतोच. जठराच्या शस्त्रक्रियेनंतरही वर्ष-दीड वर्षात तो येतो. आता गाजत असलेल्या आठवडी इंजेक्शनांवरही साधारण वर्षभराने येतो. थांबा हा प्रवासाचाच भाग आहे.

तो का येतो, याचं सर्वांत करुण उत्तर १९४४-४५ मधल्या एका प्रयोगात आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सुमारे २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. उपासमारीने खंगलेल्या युरोपला पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण स्वेच्छेने आले होते. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेली ही माणसं होती. त्यांचं सुमारे पाव वजन उतरलं, नाडी मंदावली, हातपाय गार पडू लागले आणि डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसत. स्वतःच्या तत्त्वासाठी साऱ्या देशाचा रोष पत्करणाऱ्या माणसांना मनोबल कमी होतं असं कोण म्हणेल? तरीही पोटाने त्यांच्या मनाचा ताबा घेतला.

या ओढीमागचा एक धागा १९९४ मध्ये सापडला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. ते चरबीच्या पेशींतून स्रवतं आणि साठा किती शिल्लक आहे हे मेंदूला कळवतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ ‘दुष्काळ आला’ असा लावतो. मग भूक वाढते, खर्च आखडता घेतला जातो. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ५० जणांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की वजन उतरून वर्ष लोटलं तरी भुकेशी संबंधित संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती.

या सगळ्याला आकड्यांत बसवलं ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांनी. २०१६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मांडलेला हिशेब असा: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. हे दोन आकडे मला फार मोलाचे वाटतात. पाच किलो उतरलेल्या माणसाचा खर्च सव्वाशे कॅलरींच्या आसपास घटलेला असतो, तर भूक ५०० कॅलरींनी चढलेली असते. म्हणजे ज्याला आपण मंदावलेलं मेटाबॉलिझम म्हणतो, त्याचा वाटा लहान आहे. मोठा वाटा भुकेचा आहे, आणि ती ओरडत येत नाही. कढईत तेलाचा एक जादा चमचा पडतो: ४५ कॅलरी. कोशिंबिरीत दाण्याचं कूट जरा सढळ हाताने जातं: ८०-९० कॅलरी. चारच्या चहाबरोबर एक खारी परत येते. पहिल्या महिन्यात जेवढं मन मारावं लागत होतं, तेवढंच आजही मारावं लागतं. फक्त त्यातली बहुतेक शक्ती वाढलेली भूक थोपवण्यात खर्ची पडते. म्हणून ‘मी काहीही बदललेलं नाही, तरी वजन थांबलं’ असं म्हणणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. तिचे कष्ट खरोखरच तेवढेच असतात.

१९९२ मध्ये अमेरिकेत अशाच दहा जणांची तपासणी झाली होती. कमी खाऊनही वजन हटत नाही अशी त्यांची तक्रार होती. मोजणी केल्यावर निघालं की ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट त्यांच्या पोटात जात होतं. त्यात लबाडी नव्हती. माणसाला आपलं खाणं लक्षातच राहत नाही.

आता वयाकडे येऊ. चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावतं हे वाक्य इतकं रुजलंय की ते तपासावं असंही कुणाला वाटत नाही. २०२१ मध्ये हर्मन पॉन्टझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यात आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि बांधा हिशेबात घेतल्यावर विशीपासून साठीपर्यंत खर्चाची पातळी जवळपास स्थिर राहते. त्यानंतर ती वर्षाला सुमारे ०.७ टक्क्याने उतरते. तेव्हा पंचेचाळिशीत आतली भट्टी विझत चाललीय ही समजूत सोडून दिलेली बरी.

बदलतं ते दुसरंच. स्नायू हळूहळू झिजतात. दिवसाचा मोठा भाग खुर्चीत जातो. मुलांची दहावी-बारावी, आई-वडिलांची आजारपणं, कार्यालयातली जबाबदारी, सगळं एकाच दशकात येतं आणि पहिला बळी झोपेचा जातो. झोपेचा परिणाम किती, हे शिकागो विद्यापीठातल्या २०१० च्या एका छोट्या अभ्यासात दिसतं. चाळिशीच्या आसपासच्या दहा जणांना मोजका आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, सुमारे तीन किलो. पण कमी झोपेच्या पंधरवड्यात उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा ५५ टक्क्यांनी घटला. बाकीचं स्नायू आणि इतर ऊतींमधून गेलं. काट्याला यातला फरक कळला नसता.

बाईच्या बाबतीत रजोनिवृत्तीचा काळ यात भर घालतो. भारतीय स्त्रियांमध्ये पाळी सरासरी ४६-४७ च्या आसपास थांबते, आणि तिच्या आधीची काही वर्षं उलथापालथीची असतात. अमेरिकेत १९९६ पासून हजारो स्त्रियांच्या या संक्रमणाचा मागोवा घेणारा ‘स्वान’ नावाचा अभ्यास चालू आहे. २०१९ मध्ये त्यातून असं पुढे आलं की संक्रमण सुरू होताच चरबी साठण्याचा वेग दुप्पट होतो आणि स्नायूंसह चरबीविरहित भाग घटू लागतो. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी हे स्थिरावतं. एकूण वजन मात्र या काळात उसळी मारत नाही. ते आपल्या आधीच्याच संथ गतीने वाढत राहतं. ‘वजन तेच, पण ब्लाउज बसत नाही’ ही तक्रार म्हणूनच खरी असते. आणि या काळात वजन न वाढू देणं हेही पुष्कळ कष्टाचं काम आहे. त्या कष्टाचं कौतुक करताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

काट्याची मर्यादा आपल्या पुण्यातल्या माणसाने जगाला फार सुंदर पद्धतीने दाखवून दिली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. दोघांचा बीएमआय अगदी एकसारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा, तरी चरबी बाळगून असलेला भारतीय देह हा याज्ञिकांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. आपल्याकडे पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर ओलांडला की धोका धरतात, तो याचसाठी. शिंप्याची टेप वजनकाट्यापेक्षा आपल्याविषयी जास्त जाणते.

मग उमेद कशी टिकवायची? प्रथम आपण निराश कशावर होतो ते बघावं लागेल. १९९७ मध्ये फिलाडेल्फियाच्या गॅरी फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी ६० स्थूल स्त्रियांना उपचारांआधीच विचारलं होतं की किती वजन झालं तर तुम्ही खूश व्हाल, किती झालं तर चालवून घ्याल आणि किती झालं तर निराश व्हाल. १७ किलो उतरलं तर आम्ही निराश होऊ, असं त्यांचं सरासरी उत्तर होतं. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरलं होतं. कुठल्याही डॉक्टरला आनंद व्हावा असं यश, आणि तरीही जवळजवळ निम्म्या स्त्रियांना त्यांनी स्वतः ठरवलेला ‘निराशेचा’ आकडासुद्धा गाठता आला नव्हता. अपयश शरीरात नव्हतंच, ते आधी लिहून ठेवलेल्या आकड्यात होतं.

आता सुरुवातीच्या त्या तीन, दीड आणि पाऊण किलोंची बेरीज करू. सव्वापाच किलो. सुरुवातीचं वजन ७४ धरलं तर हे सात टक्के झाले. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत तीन हजारांहून अधिक लोक होते, सरासरी वय ५१. त्यातल्या आहार-व्यायामाच्या गटाला नेमकं हेच उद्दिष्ट दिलेलं होतं: सात टक्के, आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं. त्या गटाचं प्रत्यक्षात सरासरी ५.६ किलो वजन उतरलं आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. २००२ सालचे हे निकाल आजही जगभर प्रमाण मानतात. ज्या आकड्यावर आपण ‘काहीच झालं नाही’ म्हणून कपाळाला हात लावतो, त्याच आकड्याच्या आसपास वैद्यकाने आपला झेंडा रोवलेला आहे.

याहून मला जवळची वाटते ती चेन्नईची गोष्ट. डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतात तशीच चाचणी घेतली. ५३१ माणसं, सरासरी वय ४६ च्या आसपास, सगळी मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एका गटाला रोज किमान अर्धा तास भरभर चालायला, साखर आणि मैदा टाळायला, तेल-तूप कमी करायला आणि तंतुमय खायला सांगितलं. तीन वर्षांत केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. चालणाऱ्यांच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिलं. २००६ मध्ये निकाल आला तेव्हा त्यातली एक नोंद थक्क करणारी होती. चालणाऱ्या गटाचं सरासरी वजन घटलेलंच नव्हतं. तीन वर्षं त्यांचा काटा अडलेला होता, आणि त्या तीन वर्षांत त्यांचा धोका पाव हिश्शाहून अधिक खाली येत होता: नेमका आकडा २८.५ टक्के. यातला प्रत्येक जण जर काट्याकडे बघून चौथ्या महिन्यात घरी बसला असता तर?

आपल्या परंपरेत काम्य आणि नित्य असा भेद आहे. काम्य व्रत फळासाठी धरायचं, ते ठरावीक दिवसांचं, आणि शेवटी त्याचं उद्यापन. नेम वेगळा. नेमाला उद्यापन नसतं. वारकरी दर वर्षी पंढरीची वाट चालतो ती यंदा काय मिळालं याचा हिशेब मांडून नव्हे. आपण आहार-व्यायाम बहुतेक वेळा काम्य व्रत म्हणून धरतो. मुलीच्या लग्नाआधी, शाळेच्या स्नेहमेळाव्याआधी, पन्नासाव्या वाढदिवसाआधी. फळ थांबलं की व्रत मोडतं. उतरलेलं वजन राखायचं तर ते नेमातच राखता येतं, कारण वाढलेली भूक वर्षानुवर्षं सोबत राहणार आहे.

नेम मोडण्याची भीती वाटते, तिच्याविषयीही थोडं ठोस ठाऊक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी जडताना नोंदवल्या. २०१० चा हा अभ्यास. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ पुरले तर कुणासाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडलं नाही. बिघडतं ते चुकल्यावर आपण जे बोलतो त्याने: ‘आज गेलंच आहे, आता खाऊन घेऊ, सोमवारपासून बघू.’ पीटर हर्मन आणि जेनेट पॉलिवी या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकापासून या एका वाक्याचा अभ्यास केला. खाण्यावर सतत निर्बंध ठेवणारी माणसं, आपला नियम मोडला असं वाटताच, नियम न पाळणाऱ्यांपेक्षाही अधिक खातात. श्रावणातली एक पुरणपोळी अपायकारक नसते. तिच्यानंतरचा ‘सोमवारपासून’ मात्र चार दिवस खातो.

काटा अडल्यावर प्रत्यक्षात मी काय करायला सांगेन? आधी चार आठवडे थांबा; पाळीचं चक्र, लोणचं-पापडाचं मीठ, नव्या व्यायामाने स्नायूंत आलेली किंचित सूज, एवढ्यानेही किलोभर इकडे-तिकडे होतं. मग एक आठवडा खाल्लेलं सगळं लिहून काढा, स्वतःला दोष न देता, तेल आणि कुटासकट. थायरॉइड, चालू असलेली औषधं आणि घोरण्यासह तुटणारी झोप, या तीन गोष्टी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि उपवास वाढवू नका. आपल्याकडे काटा थांबला की संकष्टीला गुरुवार जोडतात, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाच.

प्रथिनांची उणीव हा मराठी ताटाचा जुना कच्चा दुवा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला ५० ग्रॅम. वजन उतरवणाऱ्याला त्याहून थोडी जास्तच हवीत, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. पातळ वरणाच्या एका वाटीने हे भागत नाही. मटकीची दाट उसळ, पिठलं, दही, अंडी, मासे, पनीर, सोयाबीन यांतलं काहीतरी दोन्ही जेवणांत यायला हवं.

दुसरी गोष्ट, वजन उचलणं. पुण्याच्या टेकड्यांवर, शिवाजी पार्कला, रंकाळ्यावर सकाळी जी माणसं चालताना दिसतात त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठबस, भिंतीला रेटून दंड, डंबेल्स किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या, एवढं तरी हवं. आणि वहीत वजनाशेजारी आणखी रकाने आखा: महिन्याच्या एक तारखेला कमरेचा घेर, तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी, रक्तदाब, किती वेळा न थांबता खुर्चीतून उठता आलं, रात्री किती तास झोप झाली. ज्या महिन्यात वजनाचा रकाना गप्प असतो त्या महिन्यात बाकीच्यांपैकी एखादा तरी बोलतो.

या वयात आता काय स्नायू येणार, असं कुणी म्हटलं की मला १९९० साली बोस्टनमध्ये झालेला प्रयोग आठवतो. मारिया फियाटारोन या डॉक्टरांनी वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचे स्नायू वापरून वजन उचलायला लावलं. त्यांचं सरासरी वय ९० होतं. नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठताच येत नव्हतं अशा तिघांपैकी एक जण आठ आठवड्यांनी हात न टेकता उभा राहिला.